निळा रंग कुठे जातो

७ जानेवारी

आजपासून लिहून ठेवणार आहे. तोंडाने बोललो की घरात "पुरे झालं आता" होतं. कागद निदान उलट बोलत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की. विज्ञानाच्या मासिकासाठी मी अठ्ठावीस वर्षं चित्रं काढतोय. शास्त्रज्ञ शोध लावतात, संपादकबाई तो चार माणसांना कळेल असा लिहून काढतात आणि मी तो काढून दाखवतो. मासिकाच्या मालकीणही त्याच. या महिन्यात डायनासोरची पिसं होती. दगडात दबलेल्या पिसांमध्ये रंगाचे बारीक कण सापडलेत, भिंगाखाली बघावे लागतात इतके बारीक. कण गोल असेल तर पीस तांबूस, लांबट असेल तर काळं. आणि लांबट कण एका विशिष्ट पद्धतीने रचलेले असतील तर काळ्यावर निळसर झळाळी, कावळ्याच्या मानेवर उन्हात दिसते तशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याचा रंग आज सांगता येतो! वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आठ दिवस त्या झळाळीवर बसलो.

आज अंक हातात पडला. झळाळी जेमतेम. माझं मूळ चित्र शेजारी ठेवून पाहिलं. निळा अर्धासुद्धा उतरलेला नाही.

छपाई कोण करतं? आमचे साडू. हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. चार रंगांचं मशीन बावीस वर्षं त्यांच्या हातात आहे, आणि त्यांना तिथे चिकटवणारा मी.

९ जानेवारी

छापखान्यात गेलो. म्हणजे खालच्या मजल्यावर, पण जिना उतरायला हल्ली वेळ लागतो. पायऱ्यांच्या कडा झिजवून ठेवल्यात, कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते तेच कळत नाही. बाईंना सांगितलं पाहिजे.

"साडूभाऊ, निळा कुठे गेला?"

"आहे की. छान आलंय चित्र. सगळे म्हणतायत."

"सगळ्यांचं सोडा. मूळ चित्र बघा आणि हे बघा."

त्यांनी बघितलं. उगाचच जास्त वेळ बघितलं. मग हात पुसायचं फडकं घेऊन हात पुसत बसले, पुसलेलेच हात. म्हणाले, "कागद शाई पितो हो. थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

बावीस वर्षं कागद शाई पीत नव्हता वाटतं! माझ्या नजरेला नजर दिली नाही त्यांनी. ध्यानात ठेवलंय मी.

१५ जानेवारी

घरातही तेच. हिने पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायचं बंद केलंय. माझे सदरे पिवळट दिसतात, जुन्या वर्तमानपत्रासारखे. विचारलं तर म्हणते, "परवाच घातली. चार पाण्यांनी धुतलेत. तुम्हीच काय ते डोळे दाखवून या एकदा."

माझे डोळे म्हणजे माझं पोट आहे. ते दाखवायची गरज नाही, बघायला मी समर्थ आहे.

शिवाय मोज्यांचे जोड बदलून ठेवते. आज ऑफिसात कॉम्प्युटरवर पानं लावणारी मुलगी हसली, "काका, एक काळा आणि एक निळा?" मी म्हटलं, नवी फॅशन आहे. घरी येऊन दोन्ही मोजे खिडकीशी धरले. दोन्ही काळेच होते. या मुलीलाही कुणी शिकवून ठेवलं असेल.

३ फेब्रुवारी

या वेळी दुर्बिणीचा लेख. अवकाशात सोडलेली नवी दुर्बीण माणसाला न दिसणारा प्रकाश टिपते. तो खरं तर उष्णतेचा भाऊबंद. तिथून येणारी छायाचित्रं करड्या छटांची असतात, मग इथे माणसं बसून त्यांना रंग देतात. लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा, मधल्यांना मधले. म्हणजे आपण "वा! काय रंग आहेत आकाशात!" म्हणतो, ते कुणीतरी टेबलाशी बसून नेमून दिलेले असतात.

संपादकबाई म्हणाल्या, "मग ही छायाचित्रं थेट छापू या. तयारच मिळतात. तुम्ही कशाला त्रास घेता?"

हे त्यांचं हल्ली तिसऱ्यांदा झालं. मला बाजूला काढायचं चाललंय, हे काय मला कळत नाही? मी म्हटलं, "बाई, धुळीच्या ढगात तारा कसा तयार होतो ते कापून आतून दाखवायचं तर चित्रच लागेल." तेव्हा कुठे "काढा" म्हणाल्या.

चित्र चांगलं झालं. निळ्याचे थरावर थर चढवले, तेव्हा कुठे मनाजोगता दिसला. हल्लीच्या रंगांच्या ट्यूबमध्येही दम राहिला नाही.

१९ फेब्रुवारी

छापून आलं. पुन्हा तेच.

२२ फेब्रुवारी

आज सापडलं!

साडू जेवायला घरी गेले होते. मी खाली गेलो. मशीनमागच्या त्यांच्या कपाटाला कधी कुलूप नसतं. उघडलं. फडक्यांच्या मागे निळ्या शाईचे सात डबे. न उघडलेले, सीलबंद! किरमिजी नाही, पिवळा नाही, काळा नाही. फक्त निळा.

म्हणजे दर महिन्याला ठरलेले डबे येतात, हे मशीनवर निळा कमी सोडतात आणि उरलेला डबा बाजूला सारतात. कुणाला विकतात? देव जाणे. माझ्या चित्रातला निळा काढून घेऊन या माणसाने कपाटात कोंबलाय. साडू म्हणे! सणासुदीला घरी येतो, माझ्या पानात वाढलेलं खातो, हिला "ताई" म्हणतो.

कपाट बंद केलं तसंच. घरी कुणाला बोललो नाही.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस विचार केला. हिला सांगितलं. वाटलं होतं, चकित होईल. ती चकित झालीच नाही. पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "बाईंना सांगू नका. आधी त्यांच्याशी बोला. शांतपणे बोला."

"का? बहिणीचा नवरा म्हणून?"

"तसं समजा."

"तुला माहीत होतं?"

ती पुन्हा पोळी लाटायला लागली. म्हणजे हिलाही माहीत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग थोड्या वेळाने म्हणते कशी, "तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर, मग काय ते करा." विषय काय आणि ही बोलते काय. विषय बदलायची ही जुनी सवय आहे हिची.

१ मार्च

बाईंना सांगितलं. मलाच खाली घेऊन गेल्या. कपाट उघडलं. आता आठ डबे.

बाईंनी विचारलं, "हे का दडवले?"

साडू म्हणाले, "उरले म्हणून ठेवले. विकलेले नाहीत. मोजून घ्या."

"उरले का? दर अंकाला निळा कमी का लागतो?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू मीच चोर आहे आणि ते मला सोडून देतायत. मग बाईंना म्हणाले, "मशीनवर शाई कमीजास्त सोडायच्या चाव्या मी फिरवतो, बाई. हात माझा आहे. तुम्हाला वाटेल ते समजा."

बाईंनी दोनदा विचारलं. ते ढिम्म. शेवटी बाई म्हणाल्या की ज्याचं उत्तर देता येत नाही असं काम मला इथे नको. साडूंनी चष्मा खिशात घातला, जेवणाचा डबा घेतला आणि निघाले. दाराशी थांबून मला म्हणाले, "जिना उतरताना कठड्याला धरत जा."

धमकी होती की काय? तशीच वाटली मला.

२ मार्च

मेहुणी घरी आली होती. माझ्याशी बोलली नाही. दोघी बहिणी आतल्या खोलीत. कुजबुज चालली होती. मी दाराजवळ गेलो तर एकच वाक्य कानावर आलं, मेहुणीचं: "हेच म्हणतायत ना, सांगायचं नाही म्हणून. मी काय करू?"

काय सांगायचं नाही? किती डबे विकले ते?

जाताना तिने हिला मिठी मारली आणि रडली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते खरं.

१२ मार्च

नवा मशीनमन आला. अबोल, चाळिशीचा. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझं मूळ चित्र समोर ठेवायचं आणि अगदी तसंच उतरवायचं. तुमचं डोकं चालवायचं नाही."

"तसंच हवं?" त्याने चित्राकडे बघत विचारलं.

"तंतोतंत."

"बाईंनी पाहिलंय?"

"चित्रांचं मी बघतो," मी म्हटलं. मग त्याने खांदे उडवले.

२० मार्च

एप्रिलचा विषय निळा ग्रह! माझ्यासाठीच आलाय म्हणायचा. दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, इतका लांब की कुठल्याही दुर्बिणीतून ठिपकासुद्धा वेगळा दिसत नाही. तरी त्याचा रंग सांगितलाय. कसा? तारा आणि ग्रह यांचा प्रकाश एकत्र मोजायचा. मग ग्रह ताऱ्यामागे गेला की पुन्हा मोजायचा. काय कमी झालं ते बघायचं. निळा प्रकाश तेवढा कमी झाला, म्हणजे तो ग्रह निळा. आणि निळा आहे म्हणून समुद्र आहेत असं समजू नका, असं बाईंनी लिहिलंय. भयंकर उष्ण हवेत वाळूसारखे कण उडतायत, ते निळा प्रकाश पसरवतात.

काय कमी झालं त्यावरून चोर ओळखायचा. मी तेच केलं की!

पंधरा दिवस या ग्रहावर काम करतोय. मनात रंग स्वच्छ आहे, कागदावर उतरायला वेळ लागतो. हिने चहा आणून ठेवला, माझा हात कपाच्या बाजूने गेला आणि चहा सांडला. टेबलाच्या कडेला ठेवला होता तिने. ती म्हणते मधोमध होता.

५ एप्रिल

आला! अंक आला! मुखपृष्ठ बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा माझं चित्र माझ्यासारखं दिसलं. नवा माणूस प्रामाणिक आहे. फक्त म्हणाला, "निळा फार खाल्लाय हो या चित्राने. आठही डबे उघडले."

बाई मुखपृष्ठाकडे बघत राहिल्या. त्यांना शब्दच सुचेनात, इतकंच मी समजलो. कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणाली, "काका, हे... जबरदस्तच आहे." आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही.

१६ एप्रिल

पत्रं येतायत. बाईंनी तीन दाखवली.

एक: "ग्रह निळा आहे हे मान्य, पण तो निळीच्या बादलीत बुडवून काढला होता काय?" दुसरं एका शाळेतल्या शिक्षिकेचं: मुलांनी विचारलं की माणसांचे चेहरेसुद्धा जांभळे का आहेत. (लेखाच्या कोपऱ्यात मी निरीक्षण करणारे शास्त्रज्ञ काढले होते.) तिसरं वाचलं नाही मी.

या पत्रांमागे कोण आहे ते सांगायला नको. हस्ताक्षरं वेगवेगळी आहेत, पण लोकांकडून लिहून घेता येतात. बावीस वर्षांत माणसं जोडली असतील साडूंनी.

बाई म्हणाल्या, "पुढच्या अंकापासून आपण तयार चित्रं घेऊ. थोडे दिवस विश्रांती घ्या."

घरी येताना संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती. हवा बिघडलीय हल्ली.

१८ एप्रिल

आज ही भांडली. चाळीस वर्षांत अशी भांडली नव्हती. पदर खोचून समोर उभी राहिली.

"चला. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी बहिणीकडे जाऊन राहते."

"कशाला चला?"

"डोळे! डोळे! किती वेळा सांगू? मोजे, सदरे, चहा, जिना, सगळ्यांनी मिळून तुमच्याविरुद्ध कट केलाय होय? मोज्यांनीसुद्धा?"

मला हसू येणार होतं, पण ती रडत होती. गेलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. यंत्राला हनुवटी लावून बराच वेळ बघितलं त्यांनी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "पिकलेत चांगले. आजोबा, इतके दिवस काय करत होता?" आजोबा! मी विचारलं, "चित्रकाराला शस्त्रक्रिया चालते का?" खरं सांगायचं तर घाबरलो होतो. आतापर्यंत इथे लिहिलं नाही, पण गेल्या वर्षीच एका डोळ्यासमोर धुकं वाटलं होतं. मी चष्मा पुसला आणि कुणाला बोललो नाही. चित्रकाराचे डोळे गेले म्हणजे माणूसच गेला.

त्यांनी काय करतो विचारलं. सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "मग रंग हल्ली कसे वाटतात?" मी म्हटलं, रंग ठीक आहेत, छपाई वाईट आहे.

४ मे

उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली.

काय लिहू. दवाखान्याची भिंत पांढरी होती. पांढरी! डावा डोळा उघडून उजवा मिटला, तर त्याच भिंतीवर चहा सांडल्यासारखा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. मी तिथे बसून दहा मिनिटं तेच करत होतो. डॉक्टरीणबाई हसत होत्या. त्यांनी समजावलं: डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं, निळा प्रकाश आत येऊच देत नाही. पण ते इतकं हळूहळू होतं की मेंदू जुळवून घेतो. माणसाला वाटतं, जग होतं तसंच आहे.

ही शेजारी उभी होती. तिने नेसलेलं पातळ निळं होतं. मी सकाळपासून करडं समजत होतो. तिचे केस इतके पांढरे झालेत हेही मला आजच कळलं.

घरी येताना रस्ताभर मी एकेक डोळा मिटून दुकानांच्या पाट्या बघत होतो. माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं आणि ते मला पुरं करायचं नव्हतं.

६ मे

डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय. हिला सगळे खण उघडायला लावले. दहा वर्षांची मूळ चित्रं काढून भिंतीला लावली, प्रत्येकाखाली त्याचा छापलेला अंक. डावा डोळा मिटून बघितलं.

आठ वर्षांपूर्वीचं चित्र आणि अंक सारखे. पाच वर्षांपूर्वी चित्रात निळा किंचित जास्त. तीन वर्षांपूर्वी आणखी. मग चढतच गेलाय. गेल्या दोन वर्षांतली चित्रं तर बघवत नाहीत. जांभळी झाडं, जांभळी माणसं. जानेवारीतलं डायनासोरचं पीस म्हणजे नुसती शाईची दौत कलंडलेली.

आणि अंक? अंकांमध्ये निळा तसूभर हललेला नाही. सगळे अंक बरोबर. पीस काळं, आणि त्यावर हलकी निळसर झळाळी, अगदी कावळ्याच्या मानेसारखी. मला हवी होती तशी. जी मी काढलीच नव्हती.

मी खाली बसलो. दर अंकाला मी जेवढा चढत गेलो, तेवढ्या त्यांनी चाव्या मागे घेतल्या. मोजून. उरलेले डबे कपाटात ठेवले, कारण निळा उरतो कसा हे बाईंनी विचारलं तर काय सांगणार होते? माझे डोळे गेलेत म्हणून?

हिला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत?"

"दोन वर्षं झाली. ते म्हणाले, बाईंना तयार चित्रं घ्यायचीच आहेत, त्यांना निमित्त मिळेल. मला कुठेही मशीन मिळेल, पण ताई, तुमच्या यजमानांना दुसरं काय येतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं नाही? दर आठवड्याला सांगितलं!" मग म्हणाली, "आणि नीट सांगितलं असतं तर तुम्ही मलाही चोर म्हणाला असतात."

म्हणालोच असतो.

९ मे

साडूंकडे गेलो. घरी नव्हते. मेहुणीने दारातच पत्ता सांगितला. बाजाराच्या मागे एक लहान छापखाना आहे, तिथे पावती-पुस्तकं छापतात. एकच रंग. काळा. चार रंग जुळवणारा एवढा मोठा कारागीर, कागदाची थप्पी हाताने सरळ करत उभा होता.

मी म्हटलं, "साडूभाऊ, चुकलो." दुसरं काही ठरवून गेलो होतो, ते आठवलंच नाही.

त्यांनी माझा उजवा डोळा बघितला. "झाला का? बरं झालं. दुसरा कधी?"

"पुढच्या महिन्यात. साडूभाऊ, त्या दिवशी बोलला का नाहीत? एक वाक्य बोलला असतात तर..."

"तर तुम्ही गेला असतात. एकाला जायचंच होतं."

मी म्हटलं, मी आजच बाईंना सगळं सांगतो, चित्रं आणि अंक दोन्ही समोर ठेवतो. तुम्ही परत या. माझं काम तसंही गेलेलंच आहे.

ते म्हणाले, "सांगा. नाव साफ होऊ दे, मेहुण्या-पाहुण्यांत तोंड दाखवायला बरं पडेल. पण मी यायचा नाही."

"का?"

"बावीस वर्षं त्या कपाटाला कुलूप लावलं नाही मी. तुम्ही मागून येऊन उघडलंत. मला विचारलं असतंत, तर मीच उघडून दाखवलं असतं." रागावून नाही म्हणाले. मशीन सुरू होतं म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, इतकंच. मग पावत्यांची पुढची थप्पी उचलली.

११ मे

सोळा चित्रं आणि सोळा अंक बाईंच्या टेबलावर मांडले. सगळं सांगितलं. बाई बराच वेळ दोन्हींकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आणि मी त्यांना जा म्हटलं." लगेच फोन लावला साडूंना. त्यांनी बाईंनाही नम्रपणे नाही म्हटलं.

मी विचारलं, "बाई, पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापाल?" आमच्याकडे चूक झाली की शेवटच्या पानावर चौकट असते: अमुक पानावर अमुक ऐवजी अमुक वाचावे.

"एप्रिलच्या मुखपृष्ठाचं?"

"त्याचंही. बाकीचं मी लिहून देतो."

६ जून

अंक आला. शेवटच्या पानावर, डाव्या कोपऱ्यात:

"शुद्धिपत्र. एप्रिल अंकाच्या मुखपृष्ठावरील ग्रहाचा रंग चुकीचा आहे. ती चूक छपाईची नसून चित्रकाराच्या दृष्टिदोषाची आहे. त्याआधीच्या पाच वर्षांतील सर्व चित्रांत हीच चूक होती. ती वाचकांपर्यंत पोहोचली नाही, कारण आमच्या मशीनमननी प्रत्येक अंकात ती स्वतः दुरुस्त केली आणि कुणालाही कळू दिलं नाही. त्यांच्यावर आलेला आळ खोटा होता. तो चित्रकाराने घातला होता."

बाईंनी एक शब्दही बदलला नाही.

हिने अंक वाचला, पिशवीत घातला आणि चपला घालायला लागली. बहिणीकडे निघाली होती. मीही सदरा चढवायला घेतला, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. ते म्हणालेत, अंक पाठव, माणूस नको इतक्यात."

मी सदरा काढून खुंटीला लावला. दुसरा डोळा सोमवारी आहे.